येण्याचे कारण

बागेच्या फाटकावर पाटी आहे, ‘वाहनांना सक्त मनाई’. काल वॉचमनने माझी व्हीलचेअर तिथेच अडवली. “ताई, चाकं आत चालत नाहीत. समोरच्या ऑफिसातून परवानगी आणा.” तेवढ्यात शेजारून एक बाबागाडी आत गेली. त्याने बाळाला टाटासुद्धा केला.

आज ऑफिसात अर्ज भरताना एक रकाना आला, ‘उद्यानात येण्याचे कारण’. खिडकीतून बाग दिसत होती. माणसं शेंगा सोलत उगाच बसली होती. पायांनी येणाऱ्याला उगाच बसता येतं. चाकांवरून येणाऱ्याने मात्र काम सांगायचं!

“व्यायाम लिहा, लगेच मंजूर होईल,” टेबलामागच्या बाई मायेने म्हणाल्या.

मी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘काही नाही. उगाच बसायचंय.’