काझीबाई उभ्या राहत

मानेसरहून दिल्लीतल्या द्वारकेला परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये जागा रिकामी असली तरी काझीबाई बसत नसत. पायांत नमुन्याचा नवा बूट घालून, दांडीला हात न लावता, मधल्या वाटेत उभ्या. ड्रायव्हर म्हणायचा, "मैडम, सीट खाली है." त्या म्हणायच्या, "रहने दो भैया, जूते की ड्यूटी चल रही है."

शमा काझी मूळच्या मिरजेच्या. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून दिल्लीत आलेल्या. आमच्या कारखान्यात कामगारांचे बूट बनत. आजूबाजूला नवे कारखाने भराभर उभे राहत होते, त्यामुळे मागणी भरपूर. बाई बुटांचे आराखडे करायच्या. कुठला बूट बनवायचा, यात माझा शब्द चाले. आणि ते आम्ही ठरवायचो सकाळी, गालिचा घातलेल्या खोलीत, चहा पिता पिता. बूट घालून दोन-चार पावलं टाकायची, "बिल्कुल मऊ!" म्हणायचं, झालं.

बाई वैतागायच्या. "पानसेसाहेब, सकाळी माणूस कुठल्याही बुटात ताठ उभा राहतो. बूट संध्याकाळी बघायचा. अंग थकलं की घोटा ढिला पडतो. तेव्हा आधार बुटानेच द्यायचा."

त्या वर्षी दोन नमुने होते. एक जाड, मऊ तळव्याचा. तो माझ्या आवडीचा. दुसरा बाईंचा : तळवा पातळ, टाच रुंद, आणि मागून टाचेला घट्ट धरून ठेवणारा.

"तुमचा बूट म्हणजे लाकडी पाट," मी चिडवलं.

"आणि तुमचा म्हणजे गादी. गादीवर उभं राहून कधी पायजमा घातलाय का, साहेब? आज दिवसभर तोच घाला आणि संध्याकाळी माझ्याशेजारी उभे राहा."

मी पैज घेतली. दिवसभर कारखान्यात हिंडलो. संध्याकाळी बसमध्ये त्यांच्या शेजारी उभा राहिलो. वळणावर बसने हिसका दिला. मऊ तळवा एका बाजूला दबला, माझा घोटा मुडपला आणि मी थेट बाईंच्या अंगावर कोसळलो. तोवर त्या जागच्या हललेल्या नव्हत्या. माझ्या वजनाखाली त्या पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. किंकाळी ऐकून पुढच्यांनी मागे वळून पाहिलं, तोवर मी दांडी धरून उठलो होतो. खाली फक्त बाई दिसल्या.

"बूटवाली मैडम अपने ही जूते में गिर गई!" दुसऱ्या दिवशी कारखाना हसत होता. बैठकीला बाई हात गळ्यात बांधून आल्या. मोठ्या साहेबांनी विचारलं, "आप गिर गईं?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी चहात साखर ढवळत होतो.

"जी, गिरी," त्या म्हणाल्या.

मऊ बूट मंजूर झाला.

संध्याकाळी बसमध्ये त्या एवढंच म्हणाल्या, "साहेब, बुटाला तोंड नसतं. त्याच्या वतीने कुणीतरी बोलायला लागतं." मग खिडकीपाशी जाऊन बसल्या. त्या दिवसापासून त्या बसूनच जायच्या.

पुढे त्या मिरजेला परतल्या. गेल्या वर्षी वारल्या. इथल्या मराठी मंडळींनी शोकसभा घेतली. एका जुन्या सहकाऱ्याने प्रेमानेच तो किस्सा सांगितला : बाई स्वतःच्याच बुटात पडल्या. सगळे हसले. मीही हसलो.

नंतर करोल बागेत बूट घ्यायला गेलो. मुद्दाम संध्याकाळी गेलो, बाजारभर फिरून पाय दुखायला लागल्यावर. विक्रेत्याने मऊ बूट पुढे केला. "अंकल, बादल पे चलोगे!"

"नहीं. चौड़ी एड़ी वाला दो, पीछे से सख़्त."

"अच्छा! ये किसने बताया?"

"काझी मैडम ने," मी म्हणालो. "वो गिरी नहीं थीं. मैं गिरा था."

विक्रेत्याला त्यातलं काही कळलं नाही. त्या सभेत हसलेल्यांना कळावं, म्हणून हे लिहिलं.