अंबाजोगाईचा दवाखाना

हृदयाची झडप बदलल्यावर माझ्या छातीचे टाके काढताना नर्सनं स्पिरिट लावलं. त्या वासासरशी मला निजामाच्या राजवटीतला अंबाजोगाईचा दवाखाना आठवला.

माझी बायको गोदा तेव्हा विशीतली होती. पाण्याची घागर उचलली तरी तिला धाप लागायची, पाय सुजायचे. म्हणून तिला धर्मापुरीहून बैलगाडीनं नेलं होतं. डॉक्टरांनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं आणि माझ्याकडं पाहत म्हणाले, "दिल का परदा खराब है. इसका इलाज नहीं."

बाहेर लिंबाखाली गोदानं विचारलं, "काय म्हनले?"

"औषध देतो म्हनले."

"इलाज न्हाई म्हनले. तेवढी उर्दू कळती मला." मग ती गाडीत चढली. "सावकाश हाका. लई धक्के बसत्यात."

कित्येक वर्षं त्या डॉक्टरांवर माझा राग होता. परवा माझे सर्जन म्हणाले, त्या काळी झडप बदलायचा हा इलाज जगात कुणाकडंच नव्हता.

गोदानं घरी कुणाला काही सांगितलं नाही. आल्या आल्या चूल पेटवली आणि मधेमधे थांबत, श्वास घेत सगळ्यांच्या भाकरी थापल्या. पेरणीच्या आत ती गेली.