फोटोबाहेरचं घर

आमच्या क्लेअर परगण्याच्या किनाऱ्यावरचा फेब्रुवारी हाडं गोठवतो. अशा पाण्यात क्लोडा चार तास कॅमेरा धरून तरंगत होती आणि दुसऱ्यांच्या लाटा टिपत होती. तिचा स्वतःचा सर्फबोर्ड गाडीच्या टपावरून उतरलाच नव्हता. पंगतीत वाढणाऱ्याने उपाशी राहावं, तसं तिचं रोजचंच झालं होतं. ओला रबरी सूट सोलून काढताना बोटं वळेनात, तेव्हा रडायचंच काय ते बाकी राहिलं.

तरी ती पॅकीच्या दारात थांबली. समुद्राकडची वाट या म्हाताऱ्याच्या शेतातूनच जायची, आणि मासिकात आलेला फोटो त्याला दाखवायचं ती महिनाभर टाळत होती.

आज तिने मासिक पुढे केलं, तसा पॅकीने चष्मा लावला. "लाट झकास आहे गं. कुठली ही?"

"तुमच्याच शेताखालची."

"मग शेत कुठंय? माझं घर?"

"कापलं. जागा ओळखू आली तर गर्दी होते. आम्हा सर्फवाल्यांत तसा नियमच आहे, पॅकी. घर दिसलं असतं तर पोरांनी मला बुडवलं असतं."

"अस्सं." त्याने किटली शेगडीवर ठेवली आणि दोन कप मांडले. "बायको जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून या दारात एक पोस्टमन येतो, नाहीतर तुम्ही सगळी ओली कुत्री."

क्लोडा हसली. तो हसला नाही.

"पुढच्या वेळी," तो म्हणाला, "घर तेवढं राहू दे."