बिचकीला गाडीत चढवणारे दाजी

त्या तबेल्यात दाजींना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ तिथला मॅनेजर. तो बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणायचा, म्हणून घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दार दाजी म्हणू लागले आणि मग घोडे ठेवायला देणारी मंडळीही. दाजींपेक्षा बारा वर्षांनी मोठे एक निवृत्त न्यायाधीशही बिनदिक्कत दाजी म्हणत. "सासुरवाडी वाढतेय आमची," एवढंच दाजी म्हणायचे.

तबेल्यात बावीस घोडे होते, सगळे दुसऱ्यांचे. मालक आठवडाभर आपापल्या कामात असत आणि रविवारी येऊन रपेट मारत. बाकी दिवसांचं शेण काढणं, चंदी घालणं, खरारा करणं, खुरात अडकलेले खडे काढणं मोतद्दारांकडे होतं. दाजींकडे यायचे ते बिघडलेले घोडे. कुणी चावायचा, कुणी पाठीवर खोगीर ठेवू द्यायचा नाही. दाजी सत्तावन्न वर्षांचे होते, डावा गुडघा कधीच कामातून गेला होता, पण घाई हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता.

मेव्हण्यालाही त्यांनीच घडवलं होतं. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. बहिणीने त्याला आपल्या घरी आणलं आणि दाजींनी त्याला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं. घोड्याला आधी आपला हात कळतो, बोलणं मागाहून, हे त्यांनी त्याला शंभरदा सांगितलं असेल. पुढे तो हिशेबी, चटपटीत निघाला आणि मॅनेजर झाला. आपलं पोर आपल्यावर साहेब झालं याचं दाजींना कौतुकच होतं.

बिचकी आली ती एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची घोडी म्हणून. तांबूस रंगाची, सहा वर्षांची. तिला नेणारी गाडी रस्त्यात उलटली होती आणि ती दोन तास आत अडकून पडली होती. तेव्हापासून ताडपत्री फडफडली तरी ती अंग टाकून द्यायची. गाडीचा आवाज आला की भिंतीला घासून घासून खांदा सोलून घ्यायची. मूळ नाव काहीतरी भारदस्त होतं. मोतद्दारांनी दुसऱ्याच दिवशी तिला बिचकी करून टाकलं.

पहिले आठ दिवस दाजींनी काहीच केलं नाही. तिच्या दारासमोर बादली पालथी घालून, तिच्याकडे पाठ करून ते बसत आणि फाटलेले चामडी पट्टे शिवत. नवव्या दिवशी तिने मान बाहेर काढून त्यांची कॉलर हुंगली. दाजींनी सुई थांबवली नाही. मग दोन महिने तोंडाला मोरकी अडकवू देण्यात गेले, तीन खोगिरात. गाडीसाठी त्यांनी आधी एक लाकडी फळी जमिनीवर टाकली आणि तिच्यावरून तिला रोज चालवलं. फळी वीतभर उचलली. मग तीच फळी बंद गाडीला टेकवली. बिचकी अर्ध्यावर जाई आणि मागे सरे. दाजी तिला कधी ओढत नसत. मानेवर हात ठेवायचा, जीभ टाळूला लावून हलकंसं ‘टक टक’ करायचं आणि वाट पाहायची. अकराव्या महिन्यात ती आत जाऊन उभी राहिली आणि चंदी खाऊ लागली. मेव्हणा मोबाइलवर ते सगळं टिपत होता. त्या दिवशी त्याने दाजींना मिठीच मारली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी, तो म्हणाला की बिचकीचा मागचा पाय जरा जड पडतोय, डॉक्टरीणबाईंना एक्स-रे काढून हवाय, घोड्यांच्या दवाखान्याची गाडी येईल. दाजींना पायात काही दिसलं नव्हतं, पण मालकीण म्हणते तर म्हणते. त्यांनी बिचकीला दोन मिनिटांत चढवलं. डावीकडची खिडकी उघडी ठेवा, असं ड्रायव्हरला बजावलं. घोडी शांत होती. संध्याकाळी ती परतली नाही. दोन दिवस देखरेखीखाली ठेवलंय, असं मेव्हण्याने सांगितलं. त्या दोन दिवसांवर आणखी चार गेले.

सोमवारी जनावरांचे डॉक्टर लसी टोचायला आले. दाजींनी त्यांना बिचकीच्या पायाचं विचारलं. डॉक्टर चक्रावले. दवाखाना त्यांचाच होता आणि तिथे ती घोडी गेलीच नव्हती. मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. ते म्हणाले, ती विकली ना? मीच तर तब्येतीचा दाखला दिला. फिरत्या खेळवाल्यांनी घेतली.

फिरता खेळ म्हणजे तंबू, भोंगे, आणि दर चार दिवसांनी गाडीतून नवा मुक्काम. दाजी हातातली दोरी खुंटीला अडकवून ऑफिसात गेले. मेव्हण्याने त्यांचा चेहरा पाहिला आणि खुर्ची पुढे केली. दाजी बसले नाहीत.

"घोडी डॉक्टरीणबाईंची होती, दाजी. त्यांना ठेवायचीच नव्हती. गाडीत चढायला लागली की विकायची, हे त्यांचं पहिल्यापासून ठरलेलं."

"मग मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुमचा हात थरथरला असता. ती चढली नसती." तो खाली बघत म्हणाला. "हे तुम्हीच शिकवलंत मला."

विकायचा हक्क मालकिणीचा होता, हे दाजींनाही कळत होतं. डॉक्टरीणबाईंचा त्यांना रागही आला नाही. दर रविवारी गोड बोलून त्या निघून जात, एवढंच. पण हा घरचा होता. अकरा महिने त्यांनी त्या जनावराच्या मनात जे उभं केलं होतं, ते याने बरोबर ओळखलं होतं आणि पक्कडीसारखं वापरलं होतं. ते तसेच घरी निघून आले.

बायको कपड्यांना इस्त्री करत होती. दाजींनी दारातूनच सगळं सांगितलं. ती वळली नाही. एकाच बाहीवरून इस्त्री दोनदा, तीनदा फिरली. ती काहीतरी विचारेल म्हणून दाजी थांबले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"तुला माहीत होतं."

"त्याने शपथ घातली होती मला," ती म्हणाली. "आणि मला वाटलं, घोडीच तर आहे."

दाजींनी अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं आणि ते तिथेच झोपू लागले. तबेल्यात मात्र ते परत गेले नाहीत.

खेळाचा मुक्काम शोधून काढायला दहा दिवस लागले. तीन तास बसने जाऊन ते पोचले तेव्हा तंबू उतरवणं चाललं होतं. बिचकी एका खांबाला बांधली होती, पाठीवर खोगीर घासल्याची ताजी जखम. त्यांना पाहून तिने कान टवकारले. तिने त्यांची बाही हुंगली. दाजींनी सवयीने मोरकीकडे हात नेला, आणि ती दोरी ताणली जाईपर्यंत मागे सरली. रागाने, भीतीने, की नुसतीच दमली म्हणून, हे त्यांना सांगता आलं नसतं. उभ्या आयुष्यात घोड्याचं मन त्यांना इतकं अंधुक कधी दिसलं नव्हतं.

तिला सांभाळणारा माणूस भला होता. घोडी गुणी आहे, म्हणाला, ‘टक टक’ केलं की निमूट चढते. मॅनेजरसाहेबांनी व्हिडिओ पाठवला होता ना. दाजींनी त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. ताडपत्री तिच्या उजव्या बाजूने गुंडाळ, डावीकडून नको. खिडकी उघडी ठेव. घाबरली तर ओढू नकोस, वाट बघ. त्या माणसाने मध्ये मध्ये प्रश्न विचारले. मग गाडी निघायची वेळ झाली. चढवताना बघायला दाजी थांबले नाहीत.

पुढच्या महिन्यात त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका रायडिंग स्कूलमध्ये काम धरलं. घोडा कुठे चाललाय हे मालकाने स्वतः तोंडाने सांगितल्याशिवाय मी तो गाडीत चढवणार नाही, एवढी एकच अट घातली. स्कूल चालवणाऱ्या बाईंना ती विचित्र वाटली, पण त्यांनी मानली. मेव्हणा दोनदा घरी येऊन गेला. दाजींनी त्याला चहा दिला, तब्येतीची चौकशी केली आणि आपण बाहेर जाऊन उभे राहिले. परक्याशी वागावं तसं. त्याच्या बहिणीला भांडण चाललं असतं, हे बघवेना.

एका दुपारी दाजींची बायको रायडिंग स्कूलच्या कुंपणापाशी येऊन उभी राहिली. लग्नाला तीस वर्षं झाली, पण नवऱ्याचं काम बघायला ती अशी कधी आली नव्हती. दाजी एका म्हाताऱ्या, एका डोळ्याने अधू घोड्यापाशी उभे होते.

"याला काय झालंय?" तिने विचारलं.

कानाला हात लावू देत नाही, दाजी म्हणाले. कुणीतरी पिरगाळला असावा. मग तीन आठवड्यांत मानेपासून कुठवर हात पोचलाय ते त्यांनी तिला बोटाने दाखवलं. दोन महिन्यांत ते तिच्याशी एवढं बोलले नव्हते. ती कुंपणाला टेकून ऐकत राहिली. भावाचा विषय तिने काढला नाही. दाजी पुन्हा घोड्याकडे वळले, आणि पाच वाजेपर्यंत ती तिथेच थांबली.