हरभऱ्यावरच्या थेंबाची लेन्स

तेराव्याला जेवलात, डोळे पुसलेत, आन जाताना मेलेल्या माणसाची लेन्स घेऊन गेलात.

वर्ष होत आलं. विचारून विचारून तोंड दुखलं माझं.

आज आमच्या मालकांचं, माझ्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध. तामलवाडीत फोटोचं दुकान होतं त्यांचं, तुमी सगळे ओळखता. तेराव्याला त्यांच्या फोटोपुढं म्या कॅमेरा ठेवला होता. शेजारी बारक्या वस्तू जवळनं काढायची मॅक्रो लेन्स.
पंगत उठली तवा कॅमेरा होता. लेन्स न्हाय.

दुसऱ्या कुणाला ती काय कामाची? फोटोवाल्यांपैकीच कुणीतरी नेलीय.

तुमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी हात जोडलेले पाठवले. एकानं लिहिलं, "दादा मनात जिवंत आहेत."
आरं, दादा मनात ठेव. लेन्स घरी आण.

लग्नाच्या फोटोवर घर चाललं, पण जीव त्यांचा मुंगीत आन हरभऱ्यात.

हरभऱ्याच्या पाल्याला बारीक लव असते. पहाटे तिच्या टोकाला आंबट थेंब धरतात. आमी बायका त्यावर फडकं पसरतो, मग पिळून आंब काढतो. पोटदुखीला चांगली.

गेल्या हरभऱ्याच्या हंगामात, जायच्या आधी, मालक रानात स्टँड लावून पालथे पडलेले, आन म्या त्याच ओळीवर फडकं टाकलं.

"अगं, थेंब पुसलेस की माझे सगळे!"
"तुमच्याच पोटासाठी धरतेय. फोटो पिऊन पोट दुखायचं थांबतंय व्हय?"

लई हसले.

दुसऱ्या दिवशी मलाच पदर पसरून वारा अडवायला बसवलं. "हलू नको. एवढ्या जवळनं काढताना तुझा श्वास लागला तरी पान हलतं."

मग स्क्रीनवर दाखवलं. एकेका केसावर एकेक थेंब. मागचं पान सगळं धुरकट.

"निम्मं तर हुकलं की ओ."
"जवळ गेलं की तेवढंच नीट दिसतं. सगळं पाहिजे तर लांब उभी राहा."

उठताना म्हणले, "पुढच्या हरभऱ्याला तू काढ. मी वारा अडवीन."

हरभरा आलाय. वारा अडवणारं माणूस न्हाय.

काल एकटीच गेले. घरातली लग्नाची लेन्स लावली. जवळ गेलं की नुसता हिरवा चिखल.
घाटे भरून पाला वाळला की थेंब संपले. विचारून थकले आता.

कुणी नेली, विचारणार न्हाय. पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवा. मला थेंबाचा एक फोटो काढू द्या, मग पाहिजे तर परत न्या.

खाली श्रद्धांजली लिहू नका. रविवारपर्यंत लेन्स कुठंय, तेवढं लिहा.