दुपारच्या आत उतरवलेली गुढी

माझ्या लेकीला सातव्या महिन्यातच बाळ झालं. मुलगा. दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. दाराबाहेरच्या बाकावर आम्ही मायलेकी बसून असायचो.

शेजारी सिंदी रेल्वे गावची एक म्हातारी असायची. तिची नातही आत होती. एका दुपारी तिनं पिशवीतून पांढरा दोरा काढला. घरी भंतेजींना बोलावून बुद्धाचा परित्राणपाठ केला होता, त्यातला.

"तुमच्यात चालते का नाई मले मालूम नाई," ती माझ्या लेकीला म्हणाली, "पण बांधून घेजो वं बाई."

आम्ही दुकानदार माणसं. नालवाडीच्या आमच्या घरात असा दोरा कधी कोणाच्या हातात आला नव्हता. लेकीनं मात्र मनगट पुढं केलं. त्याच आठवड्यात केरळच्या सिस्टरनं ईस्टरचं लाल रंगवलेलं अंडं आणून दिलं. "आमचा देव मरून परत उठला, त्याचं आहे हे. खाऊ नका, नुसतं ठेवा." आम्ही अंडं खात नाही, घरात आणतही नाही. लेकीनं ते रुमालात गुंडाळून उशाशी ठेवलं.

पाडव्याला सकाळीच यांचा फोन आला. "गुढी उभारू का? का राहू देऊ यंदा?"

"उभारा," मी म्हटलं. "लेकरू श्वास घेऊन राह्यलं."

यांनी साडी, कडुनिंब, साखरेची गाठी सगळं आणून गुढी उभारली. थोड्याच वेळानं डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. बाळाच्या अंगावरच्या नळ्या तोवर काढल्या होत्या.

मी यांना फोन लावला. एवढंच बोलले, "गुढी उतरवा."

यांनी काऊन म्हणून विचारलं नाही.

आम्ही बाळाला घेऊन आलो, तेव्हा गल्लीत घरोघरी गुढ्या होत्या आणि पोरं नवे कपडे घालून हिंडत होती. आमच्या दारात नुसती काठी भिंतीला टेकलेली. हे आणि जावई बाळाला पुरून आले. दूध मात्र लेकीला येतच राहिलं. छातीला फडकं बांधून ती भिंतीकडे तोंड करून पडायची, फडकं भिजलं की मी बदलायची.

नात घरी गेल्यावर म्हातारी पत्ता विचारत आमच्याकडे आली. एकटीच. "लेकराले आणलं नाई वं, मुद्दाम," दारातच म्हणाली. मग लेकीजवळ बसून तिनं तिच्या डोक्याला तेल लावलं, केस विंचरले. बाळ गेल्यापासून लेक पहिल्यांदा त्या दिवशी मोठ्यानं रडली.

पुढं सासरी तिचं मन रमलं नाही, ती आमच्याकडेच परतली. येणारंजाणारं माणूस सांगतं, "झालं ते झालं, आता नव्यानं सुरुवात करा." चांगल्या मनानंच सांगतात. मी मान हलवते. ती उठून आत जाते आणि दार लावून घेते.