भावजींची डावी तोफ

माझे धाकटे दीर विश्वजित भावजी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं मेंटेनन्सचे फोरमन होते. दोन वर्षांपूर्वी ते खातंच बंद झालं आणि माणसं पांगली. क्रेन चालवणारा गयास जालन्याला गेला, सुदर्शन बिडकीनला लागला, बासितनं पडेगावात मोबाइलचं दुकान टाकलं. भावजी आमच्या सिडकोतल्या घरी, वरच्या खोलीत. पाण्याचे पंप दुरुस्त करतात, एकटेच असतात.

बासितनं चौघांनी मिळून खेळायचा एक ऑनलाइन खेळ लावून दिला. हवेत उडणारी लढाऊ जहाजं. वर भलामोठा फुगा, खाली लाकडी डेक, आणि प्रत्येक जहाजावर माणसं चार. एकानं सुकाणू धरायचं, दोघांनी डावी-उजवी तोफ सांभाळायची, चौथ्यानं हातोडी घेऊन मोडेल ते नीट करत पळायचं. गयास सुकाणूवर, भावजी डाव्या तोफेवर, बासित उजव्या, आणि हातोडी सुदर्शनची. दर रविवारी सकाळी अकराला चौघं आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून बसायचे.

आणि हरायचे. ओळीनं नऊ रविवार हरले.

"वहिनी, आज परत गयासनं वाट लावली," असं म्हणत भावजी जिना उतरायचे. कधी सुदर्शन मठ्ठ, कधी बासितचा नेम खराब. मी ऐकून घ्यायची. घरात दुसरं कुणी ऐकणारं नव्हतं.

नवव्या हारीनंतर गयासनं सांगून टाकलं, "साहेब, घरचे बोलायलेत. हप्त्यातून एक सुट्टी, त्यात ही रोजची हार. आता हरलो तर मी बंद." गयास गेला की बाकीचे दोघंही जाणार, हे भावजींना कळत होतं. खातं एकदा बंद झालेलं त्यांनी पाहिलं होतं. आठवडाभर त्यांचा फोन वाजतो तो फक्त पंपासाठी, हे मला दिसत होतं.

शनिवारी दुपारी भावजींनी हरलेल्या सगळ्या लढाया आमच्या टीव्हीवर लावल्या. सगळ्या रेकॉर्ड करून ठेवलेल्या. मांडीवर कारखान्यातल्यासारखं लांबोडकं रजिस्टर, त्यात चार रकाने: वेळ, बिघाड, कारण, जबाबदार. मी शेजारी मेथी निवडत बसले होते. शेवटच्या रकान्यात गयास, सुदर्शन, सुदर्शन, बासित, परत सुदर्शन. भावजींचं नाव कुठंच नव्हतं.

तीन लढाया मी गप्प पाहिल्या. चौथीला राहवेना.

"भावजी, जरा मागं घ्या. ही डावी तोफ कुणाची?"

"माझी."

"मग तिच्यावर कुणीच का नाही?"

"इंजिन पेटलं होतं ना, वहिनी!"

"ते सुदर्शननं विझवायचं ना?"

"सुदर्शन? अहो, कारखान्यात त्याला कुठला पाना घ्यायचा तेसुद्धा मी सांगायचो."

मी परत मागं घ्यायला लावलं. खेळाचा नियम त्यांनीच मला कधीतरी समजावला होता: दुरुस्तीसाठी एका भागावर एकानं हत्यार मारलं, की काही सेकंद तो भाग दुसऱ्याचा घाव घेतच नाही. भावजी तोफ सोडून पळत जात, हातातल्या छोट्या पान्यानं इंजिनाला एक टोला देत. इंजिन जेमतेम सुधारे. मागून सुदर्शन मोठी हातोडी घेऊन येई, आणि नियमामुळं ताटकळत उभा राही. तेवढ्यात शत्रू डाव्या बाजूनं येई. डावीकडे तोफ होती, माणूस नव्हता.

"गयासनं जहाज वळवायला पाहिजे होतं," भावजी म्हणाले.

"तुमची तोफ शत्रूसमोर येईल असंच वळवलंय त्यानं. बिचाऱ्याला काय माहीत तुम्ही इंजिनापाशी आहात?"

"वहिनी, तुम्ही मेथी निवडा."

रजिस्टर मिटून ते वर गेले. जेवायलाही उतरले नाहीत. मलाही राग आला. नऊ आठवडे या माणसाचं रडगाणं ऐकलं, आणि एक खरं बोलले तर मेथी!

तरी रविवारी पावणेअकराला पोहे घेऊन वर गेलेच. आज हेडफोन नव्हता; फोन स्पीकरवर होता, चौघं बोलत होते. भावजींनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"गयास," ते म्हणाले, "डावी तोफ मी सोडतो. दर वेळी."

मग गयास म्हणाला, "मालूम है साहेब. पहिल्या रविवारपासून."

"मग बोलला का नाहीस, बैला?"

"कसं बोलू? मशीन बंद पडली की फोरमन तिथं पायजे, हे तुमीच शिकवलं. अब मैं बोलूँ, उठो मत?"

"आणि बोललो असतो," बासित हसत म्हणाला, "तर आमचंच नाव रजिस्टरात गेलं असतं."

"ते तसंही गेलंय," भावजी म्हणाले.

"तो आज सुनो, साहेब," गयासचा आवाज बदलला. "इंजिन जळू द्या, फुगा फुटू द्या. तोफ सोडायची नाय."

लढाईच्या तिसऱ्याच मिनिटाला इंजिन पेटलं. भावजींची बोटं पळायच्या बटणाकडे गेली.

"साहेब, तोफ!" गयास ओरडला.

बोटं परत फिरली. मागं सुदर्शन हातोडी घेऊन रमतगमत चालला होता. भावजींच्या कपाळावर घाम. "अरे खालून मार, खालून! पळ की लेका!" तोंड सुदर्शनकडे, तोफ मात्र समोर. डावीकडून जहाज आलं. भावजींनी गोळा सोडला. आणखी एक सोडला. समोरचा फुगा फाटला आणि ते जहाज खाली, डोंगरात गेलं.

फोनमधून असा आरडाओरडा झाला की मला काही कळेना. शेवटी गयासचा शब्द ऐकू आला, "पुढच्या रविवारी साडेदहालाच बसू, साहेब! घरच्यांना मी सांगतो!"

भावजींनी फोन बंद केला. तोंड वाकडंच.

"जिंकलात ना हो?" मी विचारलं.

"जिंकलो. पण इंजिन विझवायला चौदा सेकंद लागले त्या मठ्ठाला, वहिनी. चौदा! मी चारात केलं असतं."